मंद दक्षिण वारा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७, व अध्याय २८ ची पहिली सहा वचने



पौल प्रेषित कैदी होऊन रोमास नेला जात असता ज्या तारवातून गेला, त्या तारवाची हकिकत लूकाने जितक्या बारकाईने लिहिली आहे, तितक्या बारकाईने नव्या करारात दुसरा कोणताही प्रवास लिहिलेला नाही. वाऱ्यांची नावे, बंदरांची नावे, पाणी किती वाव खोल भरले, तारवात माणसे किती होती, हे सर्व त्यात आहे. तरी हा अध्याय आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. नावे उच्चारावयास कठीण, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही, हे त्याचे कारण असावे. परंतु पूर, वीज, दरड व भूकंप यांच्या भयात दिवस काढणाऱ्या खेड्यातील मंडळीस ह्याहून उपयोगी पडेल असा अध्याय आम्हांस ठाऊक नाही. म्हणून ह्या आठवड्यात तो आम्ही आपल्यापुढे मांडीत आहो.

तारू क्रेत बेटाच्या किनाऱ्यास, 'सुंदर बंदर' म्हणत त्या ठिकाणी लागले होते. उपासाचा दिवस उलटून गेला होता, म्हणजे त्या समुद्रात गलबते हाकारण्याचा हंगाम सरत आला होता. तेव्हा पौलाने सर्वांस बजावले की, ह्या प्रवासात मालास, तारवास व आपल्या जिवासही धोका आहे. शताधिपती यूल्य याने त्याच्यापेक्षा तांडेलाचे व तारवाच्या धन्याचे म्हणणे अधिक मानिले. आपण त्यास लागलीच मूर्ख म्हणू नये. तांडेलाने आपला जन्म समुद्रावर घालविला होता, धन्याचा पैसा त्या तारवात गुंतला होता, आणि इशारा देणारा कोण, तर पहाऱ्यातला कैदी! शिवाय ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, व बहुतेकांचे मत पुढे जावे असेच पडले. इतक्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. आता आपले मनोगत साधले असे सर्वांस वाटले व त्यांनी नांगर उचलला. पुढे फार वेळ गेला नाही तोच बेटावरून ईशान्येचा झंझावात सुटला. आणि मग पुष्कळ दिवसपर्यंत त्यांस सूर्य दिसला नाही व तारेही दिसले नाहीत.

ह्यात उपदेशक बंधूंनी एक गोष्ट विशेष पाहावी. पौलाने त्या लोकांस दोन वेळा सांगितले. दुसऱ्या वेळी, भर वादळात, तो बोलला तो देवदूताच्या दर्शनावरून बोलला, आणि तसे त्याने स्पष्ट सांगितले. पहिल्या वेळी मात्र कोणा दूताचा उल्लेख नाही, दर्शनाचा नाही, स्वप्नाचाही नाही. हा मनुष्य त्यापूर्वी तीनदा फुटक्या तारवातून वाचला होता व एक रात्र आणि एक दिवस त्याने खोल पाण्यात काढला होता, हे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यानेच नमूद केले आहे. हंगाम कोणता व वारा कसा, हे त्यास अनुभवाने कळत होते. म्हणजे त्याची पहिली सूचना ही भविष्यवाणी नव्हती. ज्यास आज आपण अंदाज म्हणतो त्या जातीची ती होती. तरी ती सांगणे पौलास आपल्या प्रेषितपणास कमीपणा आणणारे वाटले नाही, आणि लूकाने ती टाकून दिली नाही. ती न ऐकिल्यावरही देवाने दया करून सर्वांचे जीव राखिले खरे. परंतु तारू फुटले व गहू समुद्रात गेला. बंदरात राहून जे वाचले असते ते पुढील दर्शनाने परत मिळाले नाही. "देव राखील" असे म्हणून पुलावरून पाणी वाहत असता बैलगाडी किंवा मोटारसायकल आत घालणाऱ्या आपल्या भावांस हा अध्याय दोनदा वाचून दाखवावा.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. पौलाचा तो पहिला अंदाज अक्षरशः खरा ठरला काय? त्याने जिवांच्या हानीचेही भय सांगितले होते, आणि शेवटी पाहता २७६ माणसांपैकी एकही दगावले नाही. मग काय त्याने सांगितले ते खोटे म्हणावे? आपल्या गावांत पारावर बसून असेच म्हणणारे पुष्कळ आहेत. हवामान खात्याने जिल्ह्यास नारंगी इशारा दिला, आपल्या शिवारात दोन थेंब पडले, की लगेच त्या खात्याची थट्टा सुरू होते. इशारा साऱ्या जिल्ह्यास असतो, ढग मात्र एका तालुक्यावर फुटतो. आणि अंदाज म्हणजे संभवाचे मोजमाप होय, करारनामा नव्हे. जो वैद्य 'ह्या तापात जिवास भय आहे' असे म्हणतो, त्याचा रोगी बरा झाल्यावर आपण वैद्यावर फिर्याद करीत नाही.

आपल्या देशात हे मोजमाप कसे सुरू झाले ते थोडक्यात सांगतो. १८६४ साली कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. नंतर १८६६ व १८७१ साली पावसाने दगा दिला. ह्या संकटांनंतर १८७५ साली भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. तेव्हापासून ठिकठिकाणी पाऊस, वारा, उष्णता व हवेचा दाब रोज मोजून लिहून ठेविला जात आहे. आता त्यास रडारांची व अंतराळातील उपग्रहांची जोड मिळाली आहे. चक्रीवादळास तापलेल्या समुद्राचे पाणी हेच खाद्य असते. ते समुद्रावर जन्मते, दिवसेंदिवस वाढते, वाट चालते, आणि ही त्याची सारी वाटचाल वरून दिसते. म्हणून ते किनाऱ्यास लागण्याच्या काही दिवस आधी सांगता येते.

पण सांगता येणे व ऐकले जाणे ह्या दोन गोष्टी आहेत. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर जे महाचक्रीवादळ धडकले, त्याची सूचना अगोदर दिलेली होती. तरी सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यांतील बहुतेक समुद्राच्या उसळलेल्या पाण्याने. लोकांनी जावे कोठे? उंच, पक्की आश्रयगृहे मोजकीच होती. घरोघर जाऊन हाताला धरून नेणारेही पुरेसे नव्हते. पुढे चौदा वर्षांनी, १२ ऑक्टोबर २०१३ रोजी, 'फायलिन' नावाचे फार प्रबळ वादळ त्याच राज्यात गोपाळपूरजवळ आले. ह्या वेळी सुमारे दहा लाख लोकांस आधीच हलविले होते, आणि मेलेल्यांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. ३ मे २०१९ रोजी 'फनी' पुरीजवळ आले, तेव्हाही बारा लाखांच्या आसपास माणसे हलविली गेली. ह्या मधल्या काळात वादळे सौम्य झाली नव्हती. आश्रयगृहे शेकड्यांनी बांधली गेली होती, रस्ते झाले होते, आणि गावोगाव कोणी कोणास उठवावयाचे, कोणत्या म्हातारीस उचलून न्यावयाचे, हे वाटून दिलेले होते. आपल्याकडे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा कोकणातील लोकांसही हेच करावे लागले.

येथे आम्ही एक गोष्ट शहाण्या लोकांस सांगू इच्छितो. 'घर सोडून चला' असे सांगणे सोपे असते. ज्या विधवेची सारी मालमत्ता म्हणजे दोन शेळ्या व पेटीतील चार भांडी, तिने ती कोणाच्या भरवशावर सोडावी? ती जात नाही म्हणून तिला अडाणी म्हणणाऱ्याने तिच्या शेळ्या आपल्या ओसरीवर बांधून घेण्याची तयारी आधी दाखवावी. अंत्युखियातील मंडळीचे उदाहरण प्रेषितांच्या कृत्यांतच आहे. अगब नावाच्या संदेष्ट्याने दुष्काळ येणार असे सांगितले, तेव्हा त्या शिष्यांनी तो कोणत्या महिन्यात येईल ह्यावर वाद घातला नाही. ज्याच्याने जे बनले ते त्याने यहूदीयातील भावांसाठी दिले. इशाऱ्याबरोबर पिशवी उघडणे हे ज्यास जमत नाही, त्याचा इशारा लोक का ऐकतील?

विजेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण समुद्र दूर असला तरी वीज प्रत्येक शिवारावर आहे. आपल्या देशात अलीकडे दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मरतात, आणि त्यांतील पुष्कळ शेतात काम करणारी असतात. आपल्या लोकांत अशी समजूत आहे की, जो पायाळू जन्मला त्याच्यावर वीज पडते. म्हणून आभाळ गडगडू लागले की पायाळू पोरास घरात कोंडतात आणि बाकीची पोरे चिंचेखाली उभी राहतात! ख्रिस्ती घरांतही हे आम्ही पाहिले आहे. बंधूंनो, वीज कोणाचा जन्म कसा झाला हे विचारीत नाही. ती बहुधा उंच वस्तू शोधते: एकटे झाड, उघड्या माळावरील मनुष्य, त्याच्या खांद्यावरील लोखंडी पहार. झाडावर पडलेली वीज झाडातून व त्याच्या मुळांजवळच्या जमिनीतून खालच्या माणसास मारते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत अंक मोजावे. आवाजास एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे असे समजून पक्क्या घराचा आश्रय करावा, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथून हलू नये. घर जवळ नसेल तर झाडापासून दूर, सखल जागी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप काढिले आहे, त्यावर आसपास वीज पडण्याचा संभव कळतो. ज्या तरुणांचा निम्मा दिवस मोबाइलवर जातो त्यांनी त्यातील एक क्षण ह्यासाठी द्यावा.

आणि एक भाबडी समजूत मोडली पाहिजे: विजेने भाजलेल्या माणसास हात लावल्यास आपणांस धक्का बसतो, म्हणून लोक त्यास दूर ठेवितात, कोणी शेणात पुरतात. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. श्वास थांबला असेल तर त्याची छाती दाबून व तोंडाने श्वास देऊन त्यास वाचविता येते, आणि दवाखान्यास धावावे.

डोंगराच्या कुशीतील मंडळ्यांस दरडीचे भय आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर उतरला व दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. नेहमीप्रमाणे एस. टी. घेऊन आलेल्या चालकास जेथे गाव असावयाचे तेथे चिखल दिसला, तेव्हा जगास ही बातमी कळली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. इर्शाळवाडीचे नाव दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हते, असे त्या वेळी सरकारकडूनच सांगण्यात आले. ह्यावरून यादी करूच नये असा अर्थ निघत नाही. यादीत नाव नाही एवढ्यावर निजू नये, हा निघतो. डोंगर पुष्कळदा आधी बोलतो. उतारावर नव्या भेगा पडतात. झाडे व खांब कलतात. स्वच्छ झऱ्यास एकाएकी गढूळ पाणी येते किंवा तो आटतो. घराचे दार जे काल लागत होते ते आज चौकटीत अडकते. ही चिन्हे गुराखी व पाणक्या बाया तहसीलदाराच्या आधी पाहतात. संततधार लागली असता अशी खूण दिसली तर रात्र त्या घरात काढू नये. आभाळाचा रंग पाहून उद्याची हवा सांगणाऱ्या लोकांस प्रभूने एकदा दोष दिला तो आभाळ पाहिल्याबद्दल नव्हे. ते ज्ञान त्यांस होते हे त्याने मान्यच केले. त्याच डोळ्यांनी दुसरे काही पाहत नाहीत, ह्याबद्दल दिला.

आता आम्ही सर्वांत कठीण गोष्टीकडे येतो. वादळ वाट चालताना दिसते, डोंगरास भेग पडते, परंतु भूमीच्या पोटातील गोष्ट कोण सांगेल? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत जे झाले ते त्या भागातील वडील मंडळी अजून विसरलेली नाहीत. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक निजले होते. किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे काही क्षणांत ढिगारे झाली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. त्या वेळच्या नकाशात तो प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविला होता. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्याअखेर, किल्लारीस पुष्कळ लहान धक्के बसले होते व लोक घाबरले होते. मग ते थांबले, आणि वर्ष बहुतेक शांततेत गेले. तो आपल्या लोकांचा मंद दक्षिण वारा होता.

कोणी म्हणेल, मग त्या धक्क्यांवरून शास्त्रज्ञांनी का सांगितले नाही? कारण असे धक्के बसून पुढे काहीच न घडल्याची उदाहरणे त्याहून पुष्कळ आहेत. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी भागात २०१८ च्या नोव्हेंबरापासून कितीतरी लहान धक्के बसत गेले, परंतु किल्लारीसारखा मोठा भूकंप त्यांच्या मागून आला नाही. चीन देशात ४ फेब्रुवारी १९७५ रोजी हायचेंग येथे भूकंप झाला, तेव्हा आधीच्या पुष्कळ धक्क्यांवरून लोकांस घराबाहेर काढिले होते व फार जीव वाचले. साऱ्या जगास वाटले की किल्ली सापडली. पुढल्याच वर्षी, २८ जुलै १९७६ रोजी, त्याच देशात तांगशान शहर कसलीही सूचना न मिळता रात्रीत पडले आणि सरकारी आकड्याप्रमाणे दोन लाख बेचाळीस हजार माणसे मेली. शास्त्रज्ञांस एवढे कळते की, आपला भारताचा भूखंड दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर उत्तरेकडे सरकून आशियास रेटतो आहे. त्या रेट्याने खडकांत ताण साठतो व जुन्या कमकुवत जागी कधी तरी तुटतो. शेष मस्तक हलवितो म्हणून धरणी कापते, असे आपले आजे सांगत. त्यांनी निदान खाली काहीतरी भार पेलीत आहे एवढे ओळखिले होते. कोठे धोका अधिक, हे बरेचसे सांगता येते. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेस, हे आज जगातील कोणासही सांगता येत नाही. कोयनेच्या प्रदेशात, जेथे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली, तेथे जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत. तेही तारीख सांगत नाहीत.

म्हणून जो कोणी तारीख सांगतो, मग तो पंचांग उघडून सांगो की पवित्र शास्त्र उघडून, त्यावर विश्वास ठेवू नये. मोबाइलवर मध्यरात्री येणारा 'आज तीन वाजता मोठा धक्का' असा निरोप पुढे पाठविणे हे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासारखेच आम्ही मानितो. अशा निरोपांनी बाळंतिणी थंडीत बाहेर बसतात, घरे उघडी राहून चोऱ्या होतात, आणि पुढे खरी सूचना आली म्हणजे कोणी उठत नाही.

संकट येऊन गेल्यावर मात्र एक दुसरेच भविष्य सांगणारे उठतात, व हे मंडळीतूनच उठतात, म्हणून त्यांच्याविषयी बोलणे आम्हांस प्राप्त आहे. पौल तारवातून वाचून किनाऱ्यास लागला, शेकोटीस काटक्या घालीत होता, आणि त्याच्या हातास साप डसला. बेटावरील लोक लगेच म्हणाले की हा कोणी खुनी असला पाहिजे. समुद्रातून सुटला, पण न्याय त्यास सोडीत नाही. घटका गेली, पौल मेला नाही, तेव्हा तेच लोक त्यास देव म्हणू लागले. दोन्ही निकाल एकाच शेकोटीपाशी, एकाच तोंडाने! साप काटक्यांत होता व उष्णतेने बाहेर आला, एवढे लूकाने सरळ लिहिले आहे.

'अमक्या गावात पाप फार झाले म्हणून ते बुडाले' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी आपण पुढील गोष्ट आठवावी. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला व दहा हजारांवर माणसे मेली. महात्मा गांधींनी म्हटले की अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही ईश्वरी शिक्षा होय. रवींद्रनाथ ठाकूर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक. तरी त्यांनी जाहीरपणे लिहिले की भौतिक संकटाचे कारण भौतिकच असते व नीतीशी त्याचा असा संबंध जोडणे योग्य नव्हे. गांधींनी तो विरोध आपल्या 'हरिजन' पत्रात छापिला व आपले मतही सोडिले नाही. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे गावकुसाबाहेर राहिले, आणि अस्पृश्यता हे घोर पाप होय ह्याबद्दल आम्हांस कोणी शिकविण्याची गरज नाही. तथापि त्या भूकंपात पाप करणाऱ्यांची घरे पडली तशी ते पाप सोसणाऱ्यांचीही पडली. असा न्यायाधीश आपला स्वर्गीय पिता नव्हे.

ख्रिस्ती देशांचीही हीच साक्ष आहे. पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप झाला. तो सर्व संतांचा सण होता, सकाळची वेळ, व लोक उपासनेसाठी मंदिरांत भरले होते. मंदिरे त्यांच्यावर कोसळली, पेटविलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या, वर समुद्र चालून आला. त्या लोकांचा अपराध प्रार्थनेस येणे हा होता काय? प्रभूच्या काळी शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा यरुशलेमेत असेच बोलले गेले असावे. प्रभूने त्या अठरांस इतरांपेक्षा अधिक अपराधी म्हणण्यास साफ नकार दिला व ऐकणाऱ्यांस आपापल्या पश्चात्तापाकडे वळविले. मेलेल्यांच्या पापांचा हिशेब करण्याचे काम त्याने कोणाही उपदेशकास दिलेले नाही. ज्या मातेने आपले लेकरू ढिगाऱ्यातून काढिले तिच्यापुढे उपदेशकाने गप्प बसावे, पाणी द्यावे, आणि विचारल्यास एवढेच सांगावे की आपला प्रभू मित्राच्या कबरेपाशी रडला.

तथापि बुरुजाविषयी एक प्रश्न विचारणे योग्यच आहे: तो कसा बांधिला होता? किल्लारीत हाच प्रश्न विचारिला गेला, आणि त्याचे उत्तर सापडले. तेथील भिंती दोन-अडीच फूट रुंद, दोन्ही तोंडांस दगड, मध्ये गोटे व माती भरलेली. आतला पदर व बाहेरचा पदर एकमेकांस बांधलेला नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून दरवर्षी त्यावर आणखी माती. उन्हाळ्यात असे घर थंड असते व चोरासही अवघड असते, ह्यात संशय नाही. परंतु भूमी हलली तेव्हा दोन पदर दोहोंकडे सुटले व ते ओझे निजलेल्यांवर आले. ज्यांच्यापाशी दगडी वाडा बांधावयास पैसा नव्हता, त्यांच्या कुडाच्या हलक्या झोपड्यांनी कित्येकांस जिवंत ठेविले. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली, व जी जुनी घरे दुरुस्त करण्याजोगी होती ती बळकट करण्याच्या रीती गवंड्यांस शिकविल्या गेल्या.

त्या रीती फार खर्चाच्या नाहीत. माळवदावरील अनेक वर्षांची माती उतरवून गळती दुसऱ्या उपायाने थांबवावी. दगडी भिंतीत ठिकठिकाणी आरपार जाणारा एक लांब दगड घालावा, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांस धरतात. जुन्या भिंतीत भोक पाडून लोखंडी सळई व काँक्रीट भरूनही हे साधते. दारे-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींस मिळून एक अखंड काँक्रीटचा पट्टा असावा. दार भिंतीच्या अगदी कोपऱ्यास लागून ठेवू नये. उशापाशी फळीवर जड जाते, पाटा-वरवंटा ठेवू नये. धक्का बसताच उघड्यावर जाता येत असेल तर जावे. नाही तर बळकट पलंगाखाली किंवा मेजाखाली डोके झाकून बसावे, कारण हलत्या भिंतीच्या कडेने धावणारे बहुधा तेथेच सापडतात.

आपल्या मंडळीची उपासनामंदिरे व शाळाघरे ह्यांतील पुष्कळ जुन्या दगडमातीची आहेत. पंचांनी येत्या उन्हाळ्यात एक माहीतगार गवंडी बरोबर घेऊन, व मिळाल्यास तालुक्याच्या बांधकाम खात्यातील अभियंत्यास बोलावून, भिंती ठोकून पाहाव्या. पोकळ आवाज येईल तेथे खडूने खूण करावी. ज्या कोपऱ्यात रविवारच्या शाळेची लहान मुले बसतात त्या कोपऱ्यापासून आरंभ करावा, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्यांस अंगणातील लिंबाखाली बसवावे. आभाळ गडगडत नसेल तर.